थोरला

"तुझं नाव तर आधीच आहे इथं," कारकून म्हणाला. "दोन-दोनदा नोंदवता का रे?"

श्रीमंत खिडकीचा गज धरून उभा होता. नगरच्या या सेवायोजन कचेरीत नाव घातलं की कधी ना कधी नोकरीचं बोलावणं येतं, एवढंच त्यानं ऐकलं होतं. धाकटा कानिफनाथ मॅट्रिक झाल्यावर इथं येऊन नाव घालून गेला असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. कानिफ घरी कधी बोलला नव्हता. आता विचारायची सोय नव्हती. वैशाखात पाझर तलावाच्या कामावर मातीची दरड कोसळली आणि कानिफ तिच्याखाली गेला. दुष्काळामुळं अख्खं गावच त्या कामावर होतं. श्रीमंत त्याच्या शेजारीच खोदत होता.

श्रीमंतची शाळा चौथीतच सुटली होती. दोघांतल्या एकालाच शिकवायची घरची ऐपत होती, आणि डोकं कानिफला होतं. शिपायाच्या जागेलाही सातवी लागते असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा श्रीमंतनं पेटीतला कानिफचा दाखला उचलून खिशात घातला, आणि आज त्याच नावानं खिडकीतून पुढं केला. चोरी केल्यासारखंही वाटलं नाही. भाऊ गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. भाकरी पुढ्यात आली की खायची, टिकाव हातात आला की मारायचा.

"बरं, झालं ते झालं." कारकुनानं जुनं कार्ड पुढं ओढलं. "पाटबंधारे खात्याला शिपाई पाहिजेत. तुझं नाव धाडतो. इथं सही कर."

शाळा सुटल्यापासून श्रीमंतनं पेन धरलं नव्हतं. 'कानिफनाथ' लिहिता लिहिता अक्षरं खाली घसरत गेली. कारकुनानं कार्डावरची सही पाहिली, मग ही पाहिली. मग चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं.

"सोबत कोण आहे?"

"आई हाय. भाईर बसलीय."

"बोलाव तिला."

श्रीमंतनं गज सोडला नाही. आईला, चांगुणाला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. 'कामाचं बघाया जातो' म्हणून तो निघाला, आणि रिकाम्या घरात बसवेना म्हणून ती मागोमाग आली. कानिफ गेल्यापासून चांगुणानं त्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. शेवटी कचेरीतल्या शिपायानंच तिला हाक मारून आत आणलं.

"मावशी, हा कोण तुमचा?"

"ल्योक."

"नाव काय ह्याचं?"

चांगुणाची नजर टेबलावरच्या दाखल्यावर गेली. तिला वाचता येत नव्हतं. पण पोरगा पास झाला तेव्हा तो कागद देवापुढं ठेवून तिनंच त्याला हळद लावली होती. कोपऱ्यावरचा पिवळा डाग तसाच होता. तिनं श्रीमंतकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

"कानिफनाथ," ती म्हणाली.

"मुलं किती तुम्हाला?"

"दोन हुती. थोरला श्रीमंत. वैशाखात गेला, दरडीखाली."

श्रीमंतनं ते ऐकलं. आपल्याच मयताला येऊन उभं राहावं, तसा तो उभा राहिला.

कारकुनाचा आवाज खाली आला. "शिकलेला होता का?"

"न्हाई सायेब. शाळा सोडली त्यानं, ह्याच्यापायी. तोंडातून कधी अक्षर काढलं न्हाई. लई मायेचं पोर हुतं. म्या त्याला कधी बोलूनसुद्धा दावलं न्हाई."

कारकुनानं कार्डावर शिक्का मारला आणि मान हलवली.

"देवाची मर्जी, मावशी. शिकलेला तरी मागं राहिला तुम्हाला."

चांगुणानं टेबलावरचा दाखला उचलून पदराखाली घेतला.

"व्हय सायेब," श्रीमंतच म्हणाला.