दीड मिनिटाचं इंजिन

दीड मिनिट झालं आणि इंजिन पुन्हा बंद पडलं. शनिवार सकाळपासूनची ही अकरावी खेप. मागच्या गॅलरीत जुन्या स्टुलाला बोल्टांनी आवळलेलं ते मुठीएवढं इंजिन थंड असताना झकास सुरू व्हायचं आणि तापलं की मान टाकायचं. त्याच्या इंधनात एरंडेल असतं, त्यामुळे घरभर तोच वास भरला होता. इंजिनाचं पोट आता तरी साफ झालं का, असं सासूबाई येता-जाता विचारत होत्या.

इंजिन सुनेचं होतं. ती आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन लहान विमानं उडवायची. तीन वर्षं क्लबची विमानं उडवल्यावर यंदा पहिल्यांदा स्पर्धेच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. विमान तिनं स्वतः बांधलं. इंजिन मात्र वापरलेलं होतं, क्लबची यादी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कंपाउंडरकडून घेतलेलं. स्पर्धा उद्यावर आली होती.

सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. बसच्या डेपोत त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. आपण खोललेलं इंजिन कधी तक्रार घेऊन परत आलं नाही, असं ते चारचौघांत सांगत, आणि ते खरंही होतं. म्हणून हे इंजिन घरात आलं त्याच दिवशी सुनेच्या आधी त्यांनीच ते खोललं. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन अडकत होता. मिस्त्री चुकचुकले. त्यांनी लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, बाहेर काढली आणि अगदी बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून दोन तास आतून घासली. पिस्टन लोण्यातून सरकावा तसा सरकू लागला. सुनेला ते काही बोलले नाहीत. आपल्या कामाची दवंडी पिटायची गरज काय, तिचं तिला कळेलच, असं त्यांना वाटलं.

आता प्लग बदलून झाला होता. इंधन नवं भरलं, टाकीची नळी बदलली, कुठून हवा शिरते का म्हणून साबणाचा फेस लावून पाहिला. सून शेजारी बसून प्रत्येक खेप वहीत टिपत होती. अखेर मिस्त्रींनी तापलेल्या इंजिनाचा पंखा बोटानं फिरवला. बोटाला जराही जोर लागला नाही. मिस्त्रींचा चेहरा खुलला, कारण रोग सापडला होता. पिस्टन आणि लायनर झिजून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, संपलं होतं, आणि असलं इंजिन त्या कंपाउंडरनं पोरीच्या गळ्यात मारलं होतं. तो माणूस तसा नाही, असं सून म्हणाली. माणूस राहू दे बाजूला, इंजिन बघ, असं म्हणून मिस्त्रींनी उद्या मैदानावर त्याचा समाचार घ्यायचं ठरवून टाकलं.

रविवारी त्यांनी तसंच केलं. पंधरा-वीस जणांसमोर त्यांनी इंजिन टेबलावर ठेवलं आणि फसवलंत म्हणून मोठ्यानं सांगितलं. कंपाउंडर चिडला नाही. त्यानं चार स्क्रू काढले, लायनर उन्हाकडे धरून आत डोळा लावला.

"हे घासलंय कुणी?" त्यानं विचारलं.

मग त्यानं समजावून सांगितलं. या जातीच्या इंजिनाचा लायनर वरच्या टोकाला मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. थंड असताना पिस्टन तिथं अडकायलाच हवा. इंजिन तापलं की लायनर जरा फुगतो आणि मग दोघांचं नेमकं जुळतं. अडकणं हा त्याचा दोष नाही, तोच त्याचा जीव. ज्यानं तो मोकळा केला, त्यानं चांगलं इंजिन मारलं.

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. सुनेनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"मी घासलं," ती म्हणाली.

"तरीच," कंपाउंडर म्हणाला. "काम नामी झालंय. काचा घासणारा हात लपत नाही."

त्याच्या पेटीत लायनर आणि पिस्टनचा कोरा जोड होता. तो तिला असाच द्यायला तयार होता, दहा मिनिटांत बसला असता. पण क्लबचा नियम कडक होता. विमान लोकांच्या डोक्यावरून जातं, तेव्हा ज्याला स्वतःचं इंजिन कळत नाही त्याला स्पर्धेत सोडायचं नाही. वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत त्यानं यादी पुढं ओढली आणि तिच्या नावावर पेन्सिल टेकवली. सून खाली मान घालून उभी राहिली. तीन वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट हातची जात होती, तरी तिनं सासऱ्यांचं नाव घेतलं नाही. मिस्त्रींना तिचा फार अभिमान वाटला.

त्यांनी कंपाउंडरचा पेन्सिलीचा हात धरला. दुसऱ्या हातानं लायनर उचलून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. आतून तो आरशासारखा लखलखत होता, एक ओरखडा नव्हता.

"खोटं सांगतेय ती," मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात मिस्त्री म्हणाले. "असं काम तिला सात जन्मांत जमायचं नाही. हे मी केलंय."