कोरड्या डोळ्यांची सिस्टर

गोजाबाईंनी दिपाली सिस्टरला हात लावू दिला नाही. ड्रेसिंग करायचं तर परवाच्या त्या उंच सिस्टरला बोलवा, नाहीतर राहू द्या, असं त्यांनी मेट्रनला सांगून टाकलं. दिपाली डोळे पुसत बर्न वॉर्डच्या बाहेर आली.

उंच सिस्टर म्हणजे बुद्धप्रिया. गोजाबाईंनी बोलावलंय, एवढाच निरोप मिळाला आणि तिला वाटलं, तक्रारच असणार. परवा पट्टी सोडवताना बाई जिवाच्या आकांताने ओरडत होत्या आणि हिच्या तोंडून साधं 'अरेरे'सुद्धा निघालं नव्हतं.

चार वर्षं ती या वॉर्डात होती. माणसं विव्हळायची, हिला आत काही व्हायचं नाही. वडील गेले तेव्हा सगळं घर रडत होतं आणि ही आलेल्यांसाठी चहा ठेवत होती. थोरली बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, तुला काळीजच नाही. ते तिच्या मनात घर करून बसलं. गेल्या महिन्यात ती सात रस्ता चौकाजवळच्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी तासभर विचारपूस केली आणि हा आजार नाही, काहींचं मनच असं असतं, असं समजावलं. तिला मात्र ते उलट जास्तच लागलं. आजार असता तर गोळी तरी मिळाली असती. आजार नाही म्हणजे आपण मुळातच वाईट.

गोजाबाई सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या. चुलीपाशी पदर पेटला आणि तो विझवताना दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. भाच्याने जीपमधून सोलापूरला आणलं होतं.

बुद्धप्रिया खाटेशेजारी बसली. चिकटलेली पट्टी सलाईनच्या पाण्याने भिजवली, टोक हलकेच सोडवलं. गोजाबाई ओरडल्या. ती थांबली. त्यांचा श्वास जागेवर येऊ दिला, मग पुढचा वेढा सोडवला. असा एक हात झाला. आता तिच्याच्याने राहवेना.

"मावशी, खरं सांगते. तुम्ही ओरडता तेव्हा मला काहीच वाटत नाही. दिपालीला वाटतं. ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

"व्हय, गुणाची हाय ती," गोजाबाई म्हणाल्या. "पर ती रडाया लागली की मला वाटतं, आता आपलं काय खरं न्हाय. मग माझं दुखणं ऱ्हातं बाजूला, मी तिचीच समजूत घालत बसते. तुझ्या तोंडाकडं बघितलं की कळतं, माझं नुसतं हात भाजल्यात. मी न्हाय."

बुद्धप्रियाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास सोडला आणि दुसरा हात अलगद मांडीवर घेतला.