माझ्या मागे कोणी नाही

"सगळे आले?" चहाचा ग्लास पुढे करत उत्तराताईंनी विचारलं आणि महिपतच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आले. माझ्या मागे कोणी नाही."

बोलून बसला, आणि मग त्याने टपरीला टेकवलेल्या सायकली पाहिल्या. त्याची धरून चार. पहाटे कल्याणहून निघाल्या होत्या पाच. ऋजुताची हिरवी सायकल त्यात नव्हती.

माळशेज घाट चढून चौघे वर पोचलेले. पाच दिवसांच्या सफरीचा हा पहिलाच दिवस. ग्रुपचा नियम एकच, पण कडक. उत्तराताई सगळ्यांत पुढे, महिपत सगळ्यांत मागे. कोणी थांबलं की त्याने थांबायचं, कोणाची चेन तुटली की त्याने जोडून द्यायची, पण कोणाला ओलांडून पुढे म्हणून जायचं नाही. त्याचं नावच पडलेलं शेपूट. डोंबिवलीच्या कारखान्यात आठ-आठ तास उभ्याने काम करणारा तगडा गडी, त्याला ते नाव आवडायचं सुद्धा.

"मग ऋजुता पुढे गेली असणार," उत्तराताई म्हणाल्या. ठाण्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. शेवटचा माणूस आला म्हणजे मागे कोणी उरलं नाही, इतकं सरळ गणित होतं ते. "या धुक्यात टपरी दिसलीच नसेल तिला. फोनही लागत नाहीये. बंटी, स्वानंद, तुम्ही पुढे खुबी फाट्यापर्यंत बघून या."

बंटीने हेल्मेट चढवलं. "अरे शेपट्या, नक्की ना? मागे कोण नव्हतं ना?"

"नाही म्हटलं ना एकदा."

दोघांच्या सायकलींचे लाल दिवे पुढच्या रस्त्याला लागले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

अर्ध्या घाटात महिपतच्या पोटरीत पेटका आला होता. पाय टेकवेना. मागून भाजीचा रिकामा टेम्पो आला. ड्रायव्हर भला माणूस, म्हणाला, "टाका दादा सायकल, वर सोडतो." आणि शेपटाने इकडे तिकडे बघून सायकल टाकली. दोन किलोमीटर तर जायचं. टपरीच्या अलीकडच्या वळणावर उतरायचं, कोणाला काय कळतंय? मागे क्रेटच्या मध्ये, ताडपत्रीखाली बसून तो पोटरी चोळत राहिला. रस्त्याच्या कडेला कोण उभं आहे, कोण पडलंय, त्याला काय दिसणार होतं, कप्पाळ!

आता सांगायला हवं होतं. मी टेम्पोत बसून आलो, एवढं एक वाक्य.

"ताई, माझा पंप पडला वाटतं मागे," तो म्हणाला. "बघून येतो."

"पंप कसला घेऊन बसलायस महिपत? पोरगी सापडत नाहीये."

"आलोच," म्हणत त्याने सायकल उताराला लावली सुद्धा.

धुकं इतकं की हँडलच्या पुढे काही नाही. ट्रकचा हॉर्न कुठून येतोय ते ट्रक अंगावर येईपर्यंत कळत नव्हतं. "ऋजुता," तो ओरडला. पुन्हा ओरडला. प्रत्येक वळणावर थांबून कठड्यावरून खाली वाकला. खाली पांढरं धुकं आणि पाण्याचा आवाज. भीती कशाची जास्त, तिचं काही बरंवाईट झालं असेल याची, की आपलं बिंग फुटेल याची, हे त्याचं त्याला कळेना. आणि तसं कळत नाही म्हणून त्याला स्वतःची किळस आली. एका वळणावर कठडाच फुटलेला दिसला. हा नवा की जुना, तो वाकून बघत राहिला. तुटल्या दगडांवर शेवाळ होतं. जुना होता.

पुढच्या वळणावर गटारात हिरवी सायकल आडवी पडली होती. तिच्याशेजारी डोंगराला पाठ लावून ऋजुता बसली होती. डावा हात उजव्या हातात धरलेला. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं.

महिपतने सायकल स्टँडला लावली की नुसती सोडून दिली, त्याला आठवणार नव्हतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ट्रकने कट मारला," ती म्हणाली. ओठ पांढरे पडलेले, पण आवाज शांत होता. "अर्धा तास तरी झाला. किती गाड्या गेल्या. एक टेम्पो तर इतका जवळून गेला दादा, मी जीव खाऊन ओरडले. कोणाला ऐकूच आलं नाही."

"आता मी आलोय ना," तो कसाबसा बोलला. गळ्यातला रुमाल सोडून तो तिचा हात झोळीत बांधायला लागला. गाठ बसत नव्हती.

"मी घाबरले नाही पण. म्हटलं, कितीही उशीर होऊ दे, दादा मागे आहे. तो काही मला टाकून जायचा नाही. खालच्या वळणाकडे बघत बसलेले सारखी."

गाठ एकदाची बसली.

ऋजुता खालच्या वळणाकडे बघत होती. मग तिने वरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "तू वरून कसा आलास?"