चोच कुणाकडे

अख्खी उकडलेली कोंबडी टेबलावर आली आणि गप्पा एकदम थांबल्या. वर्षअखेरच्या जेवणात तिची चोच ज्याच्याकडे, त्याने नव्या वर्षी दुसरी नोकरी बघायची, ही तैवानच्या थायचुंग शहरातल्या शेठलोकांची जुनी रीत.

च्याओ-लिंगने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. तेलगिरणीची प्रयोगशाळा ती सांभाळायची. तिळाच्या तेलात एकदा तळून झालेलं जुनं तेल मिसळलं जातंय, हे तिनेच पकडलं होतं. ते तेल शाळांच्या जेवणात जायचं. तिचा मुलगाही तिथलंच जेवायचा.

"काड्या उचल गं, जेव," शेजारच्या लाय मावशी कुजबुजल्या. पॅकिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. "शिए शेठ तुला काढतील? खुळी का काय! दरवर्षी चोच स्वतःकडेच वळवतो तो भला माणूस."

ते खरंच होतं. शेठ गिरणीचं फाटक रोज स्वतः झाडायचे. हमालाच्या आईच्या अंत्ययात्रेला पायी गेले होते. म्हणून तर दीड महिन्यापूर्वी च्याओ-लिंग आरोग्य खात्याकडे न जाता सरळ त्यांच्याकडे गेली होती.

ऐकता ऐकता शेठचे डोळे भरून आले.

"मला सांगितलंस, बरं केलंस पोरी. निस्तरायचं मी बघतो. वर्षअखेरपर्यंत कळ काढ. आणि तुझा सहीचा शिक्का ठेवून जा. तुला बढती नाही द्यायची तर कुणाला?"

तिने शिक्का टेबलावर ठेवला; तिकडे कुठल्याही कागदावर सहीऐवजी तोच चालायचा. आणि तिने कळ काढली. मुलाला घरचा डबा द्यायला लागली. दुसऱ्यांच्या मुलांचा विचार मनात आला, की शेठचे ते डोळे आठवायची. सज्जन माणसावर विश्वास टाकला, की आपल्याला काही करावं लागत नाही. मोठी सोय असते ती.

शेठ उठले. ताट सावकाश फिरवून त्यांनी चोच स्वतःकडे केली. नेहमीप्रमाणे हशा पिकला.

"हसू नका," शेठ म्हणाले. "आपल्या तेलात खोट निघाली. मला इथे राहायचा हक्क नाही. मी चाललो."

ते कमरेत वाकले. लाय मावशींनी रुमाल डोळ्यांना लावला. च्याओ-लिंग तर हुंदके देऊन रडली. असल्या माणसावर आपण क्षणभर का होईना संशय घेतला, याची तिला लाज वाटली.

तेवढ्यात आरोग्य खात्याचे दोघे जण आत आले. शेठनीच त्यांना बोलावलं होतं.

"शाळांच्या तेलाची चौकशी आहे," त्यातला एक म्हणाला. "कंपनी कुणाच्या नावावर आहे?"

शेठ सरळ झाले. च्याओ-लिंगकडे त्यांनी फार मायेने बघितलं.

"ह्यांच्या," ते म्हणाले. "महिना झाला."