किल्ली

निवारा केंद्रातल्या खोलीत राहायला या, म्हणून जर्मनीहून आलेली स्वयंसेविका क्लारा रोज भामाबाईंना विनवत होती. पण काचीगुडा स्टेशनबाहेरचा फुटपाथ काही त्या सोडेनात. "नक्को बेटा, छताखाली झोप येत नाही. अन् माझ्या कुत्र्याचं कसं?"

"मी उद्या घरी," क्लाराने त्यांच्याकडूनच शिकलेल्या तोडक्या मराठीत हिरमुसून सांगितलं.

भामाबाई ताडकन उठल्या. "आण ती किल्ली!"

खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी क्लाराला बसवलं, गाठोडं सोडलं आणि तिच्या ओढणीत तांदूळ, नारळ अन् खण घातला. कुत्रा उंबऱ्यावर ऐसपैस पसरला होता.

"आजी, आज हो कसं?"

"येडे, लेकीची ओटी काय फुटपाथवर भरू? अन् पुढच्या साली येशील तेव्हा माहेर नको का तुला?"