बंद रस्त्यावरची शिट्टीवाली

"तुमच्या खात्याने माझा मुलगा पळवला," चष्म्याच्या दुकानातली बाई म्हणाली आणि न विचारता खुर्चीत बसली.

वाहतूक खात्याच्या साहेबांनी फोन उपडा ठेवला. "पळवला म्हणजे? हरवलाय का?"

"हरवला असता तर पोलिसांकडे गेले असते. रोज शाळेत जातो, रोज घरी येतो. तरी पळवलाय."

साहेबांना ती आठवली. विसरणं शक्यच नव्हतं. शाळेपुढच्या रस्त्यावर शाळा भरताना आणि सुटताना गाड्या बंद करा, म्हणून याच बाईने याच खुर्चीत बसून वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं होतं. धूर, हॉर्न, फाटकाला खेटून उभ्या राहणाऱ्या गाड्या. तिच्याकडे तक्रारींची खाण होती. दुकानात चष्म्याच्या काड्या वाकवता वाकवता तिने गिऱ्हाइकांच्या सह्या गोळा केल्या. सही करत नाही तोवर चष्मा मिळणार नाही, असंही काहींना सुनावलं म्हणे. शेवटी साहेबांनी हात टेकले. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लाल-पांढरे अडथळे आले, आणि अडथळे सांभाळायला बिनपगारी स्वयंसेवक.

"रस्ता तुम्हीच बंद करवलात," साहेब म्हणाले.

"गाड्या बंद करा म्हटलं होतं. त्या शिट्टीवालीला उभी करा, असं कुठे म्हटलं होतं?"

शिट्टीवाली म्हणजे रस्त्याच्या खालच्या तोंडाशी उभी राहणारी स्वयंसेविका. पिवळं जाकीट, डोळ्यांवर ओढलेली टोपी. घरची माणसं मुलांना अडथळ्यापाशी सोडत, आणि ती त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत नेई.

"एक दिवस खाडा नाही तिचा," साहेब म्हणाले. "आमच्या पगारी माणसांना तिची शिकवणी लावावी म्हणतो."

"लावा की. तिकडेच ठेवून घ्या तिला."

मग तिने मनातलं सगळं ओकून टाकलं. मुलगा पहिलीतला. ती दुकानातून आली की मांडीवर डोकं टाकून दिवसभराचं सांगायचा. आता सांगतो ते फक्त शिट्टीवालीचं. पहिला दात घरी नाश्ता करताना पडला, तर तो मुठीत धरून तिला दाखवायला घेऊन गेला. आईच्या वाट्याला आलं ते नुसतं भोक.

"बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवलंय तिने. आमच्या घरात कोणाला येत नाही. ह्याला एका सकाळीत आली."

"मुलांना असली वेडं लागतात हो. माझी मुलगी आइस्क्रीमवाल्याशी लग्न करणार होती."

"तो आइस्क्रीमवाला रोज तिच्या बुटाची नाडी बांधत होता?"

साहेबांनी फोन सरळ केला आणि पुन्हा उपडा ठेवला.

"आणि आमच्या सासूबाई. माझं दुकान त्याच वेळेला उघडतं, म्हणून त्याला त्या सोडतात. वाटलं, म्हातारी तरी माझ्या बाजूने बोलेल. तर म्हणतात, गुणाची पोर आहे, त्याचा हात तिच्या हातात दिला की मला घोर नाही. थर्मासमधून कॉफी नेतात तिच्यासाठी. इथे माझ्या हातचं पाणीसुद्धा त्यांना कडू लागतं."

साहेबांनी हसू लपवायला खिडकीकडे पाहिलं. "रागावू नका बाई, पण हा नुसता मत्सर आहे."

"आहेच. जळतेय मी. जळणाऱ्याला धूर का येतो, असं विचारू नये."

एकदा तिने दुकान उशिरा उघडलं होतं आणि अडथळ्यासमोरच्या दिव्याच्या खांबाआड जाऊन उभी राहिली होती. मुलगा आजीचा हात सोडून पळत सुटला. शिट्टीवाली उकिडवी बसली, टोपी मागे सारली आणि रुमालाने त्याच्या तोंडाला लागलेलं दूध पुसलं. चष्मेवालीने तिचा चेहरा पाहिला आणि आल्या पावली परत फिरली. त्या दिवशी दुकानात तिच्या हातून दोन काचा फुटल्या.

"तिने त्याला मारलं? ओरडली? भलतीकडे नेलं?" साहेबांनी विचारलं.

"फाटकापर्यंत नेलं."

"मग काढू कशी? फुकट राबणाऱ्या बाईला काय सांगून काढू? फार तर तिला वरच्या तोंडाला पाठवतो."

"सासूबाई वळसा घालून वरच्या तोंडाने जातील."

"मागे तर म्हणाला होतात, त्यांचे गुडघे गेलेत."

"तिच्यासाठी नाही गेले."

"मग तुम्हीच उभ्या राहा. जाकीट देतो, शिट्टी देतो."

"आणि दुकान कोण उघडणार? तुम्ही?"

साहेबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मग मी नेमकं करू तरी काय?"

"रस्ता उघडा."

"काय म्हणालात?"

"अडथळे उचला. गाड्या येऊ देत पूर्वीसारख्या."

"अहो, धुराने मुलं खोकतात म्हणून माझ्यासमोर रडला होतात तुम्ही."

चष्मेवालीने मान खाली घातली. तिचा आवाज उतरला. "धूर निमित्ताला होता, साहेब. मला त्या रस्त्यावरून एकच गाडी हटवायची होती. रोज सकाळी फाटकासमोर काच वर करून ती बसायची आणि त्याला आत जाताना लांबून बघायची. नुसतं बघायची. तुम्ही तिला गाडीतून उतरवलंत आणि त्याचा हात तिच्या हातात दिलात. तो रांगायच्या आधी त्याला टाकून गेलेली, माझ्या सासूबाईंची पहिली सून आहे ती. आता तुम्हीच सांगा, तिला परत त्या गाडीत कसं बसवायचं?"