ओळखीची चाल

तिसऱ्या दांडीवरून उडी मारून बंड्या खाली उतरला, वळला आणि प्रभुलिंगवरच भुंकायला लागला.

साधं भुंकणं नव्हतं ते. मानेवरचे केस उभे, दात बाहेर, आणि भुंकता भुंकता तो मागं सरकत होता. मैदानाच्या कडेला आपापली कुत्री धरून बसलेली मंडळी उठून उभी राहिली. प्रभुलिंगची लेक काव्या ओरडली, "अप्पा, पुढं जाऊ नका ओ!" पण प्रभुलिंग पुढं गेला. लहानाचं मोठं केलेलं, रोज पायाशी झोपणारं कुत्रं. त्याला कसलं भ्यायचं? त्यानं गळ्याच्या पट्ट्याला हात घातला आणि बंड्यानं त्याचं मनगट फोडलं.

बंड्याचं डोकं फिरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पिल्लू असताना सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत एका दारुड्यानं लाथ घालून त्याची बरगडी मोडली होती. तेव्हापासून कुणी झोकांड्या खात आलं की तो अंगावर जायचा. मग तो दारुडा असो, नाहीतर पाय ओढत चालणारा एखादा म्हातारा. प्रभुलिंगनं त्याला सांभाळायची सगळी विद्या शिकून घेतली होती. गल्लीच्या तोंडाशी आधी आपण डोकावायचं. डळमळतं माणूस दिसलं की रस्ता बदलायचा. खिशात कायम पनीरचे तुकडे. लांबच्या माणसाला सोडून बंड्यानं आपल्याकडं बघितलं की एक तुकडा त्याच्या तोंडात. बाहेर पडताना तोंडाला मुसकं. फक्त या मैदानावर, अडथळ्यांच्या शर्यतीच्या सरावात, मुसकं आणि दोरी दोन्ही सुटायचं. इथं बंड्याला जगात दुसरं कुणी दिसायचंच नाही. प्रभुलिंग पळेल आणि हात दाखवेल तिकडं तो जायचा, दांड्यांवरून, बोगद्यातून, खांबांच्या रांगेतून नागमोडी. पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा होती. पंचेचाळिशी ओलांडलेला, कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस. पण रविवार उजाडला की त्याला दुसरं काही सुचायचं नाही.

"आता याचा भरवसा नाही," प्रभुलिंग म्हणाला. "देऊन टाकू कुणाला तरी."

सराव घेणारी रेश्मा त्याच्या मनगटाला रुमाल बांधत होती. तेवढ्यात बंड्या आपणहून आला. शेपूट पोटात घालून, अंग चोरून. रक्ताळलेला हात चाटायला लागला. प्रभुलिंगला हुंदका आला. तो उठला आणि हात धुवायला नळाकडं निघाला. बंड्या पुन्हा गुरगुरला. प्रभुलिंग थांबला. बंड्याही गप्प झाला.

रेश्मा हे सगळं बघत होती. तिनं काव्याला पाण्याची बाटली आणायला पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"सर, रागावू नका. तुम्ही उभे राहिलात की तो तुम्हाला ओळखतोय. चालायला लागलात की नाही." ती जरा अडखळली. "तुम्ही... सकाळी घेऊन आलाय का?"

प्रभुलिंगनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही. प्रभुलिंग तिथंच मातीत बसला.

हाच प्रश्न दुधनीच्या बाजारात लोक त्याच्या बापाला विचारायचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मिरचीचा चोख व्यापार. चाळिशी सरली आणि बापाची पावलं वाकडीतिकडी पडायला लागली. हात आपोआप उडायचे. लोक त्याला कुडुक म्हणायचे. कन्नडमध्ये दारुड्याला म्हणतात तसं. पाहुण्यांनी बोलणं टाकलं. आईसुद्धा तो झोपल्यावर त्याचं तोंड हुंगून बघायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी ही दारू नाही, मेंदूचा आजार आहे असं सांगितलं, तेव्हा बापाला घास गिळता येत नव्हता.

"याला औषध नाही," डॉक्टर म्हणाले होते. "हा रक्तातून उतरतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. त्याला असला, तर त्याच्या मुलांनाही तेवढीच. तुम्ही तपासून घ्या."

काव्या तेव्हा बालवाडीत होती. प्रभुलिंगनं तपासणी करून घेतली नाही. तो पळायला लागला. सरळ पळता येतंय तोवर आपण सुटलो, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. बंड्याबरोबरचा एकेक रविवार त्यानं तेवढ्यासाठीच जपला होता.

काव्या बाटली घेऊन आली. तिचे डोळे भरले होते. "अप्पा, खरंच देऊन टाकायचं याला?"

"नाही," प्रभुलिंग म्हणाला. "त्याची काही चूक नाही. दोरी घे. आजपासून तू पळव."

"मी? आणि तुम्ही?"

"मी हितंच बसतो की."

काव्यानं रेश्माकडं बघितलं. रेश्मानं मान हलवली. काव्यानं बंड्याला पहिल्या दांडीसमोर नेलं, दोरी सोडली, हात उंचावला आणि ती पळाली. बंड्या क्षणभर प्रभुलिंगकडं बघत राहिला. मग तिच्यामागं सुटला.

कडेची मंडळी टाळ्या वाजवत होती. प्रभुलिंग अडथळ्यांकडं बघत नव्हता. लेकीच्या पावलांकडं बघायचा त्याला धीर झाला नाही. डोळे मिटून, फुटलेलं मनगट छातीशी धरून, बंड्या भुंकतोय का, तेवढंच तो ऐकत राहिला.